अनोळखी ई-रीडर आणि सोलापूरचा मराठी वाचक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन पिढ्या चादरीचे माग चालले. मी पुस्तकांच्या नादाला लागलो आणि पुस्तकांच्या वाटेनं ई-रीडरपाशी, म्हणजे नुसती पुस्तकं वाचायच्या छोट्या यंत्रापाशी पोचलो. आज माझ्या कपाटात निरनिराळ्या कंपन्यांचे अकरा ई-रीडर आहेत. त्यांतल्या बऱ्याच कंपन्यांची नावं इथं कुणी ऐकलेली नाहीत, आणि काही कंपन्या तर आता उरलेल्याच नाहीत. दर जानेवारीत इकडं होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेची तयारी चाललेली असते, त्याच सुमारास तिकडं अमेरिकेत लास वेगसला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरतं. मग आमच्या रविवारच्या वाचनकट्ट्यावरची मंडळी फोटो पाठवू लागतात: "काका, हा कुठला नवीन निघालाय? घेऊ का?" एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा नेहमीचे प्रश्न इथं एकत्र केले आहेत.

घरात टॅब्लेट आहे, मोबाइल आहे. मग ई-रीडर वेगळा कशाला?

टॅब्लेटचा पडदा स्वतः उजेड फेकतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखा बाहेरच्या उजेडावर दिसतो. गच्चीवर भर दुपारी दोन्ही शेजारी ठेवून बघा. टॅब्लेटवर तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल आणि ई-रीडरवरची अक्षरं उलट जास्त ठसठशीत होतील. दुसरं म्हणजे त्यावर वाचताना मध्येच व्हॉट्सॲप टिंगटिंगत नाही. माझ्यासारख्याला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

ई-रीडरच्या पडद्यातली ही ई-शाई चालते तरी कशी?

पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या बारीक लाखो कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव, त्यात पांढरे आणि काळे कण. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात तेच. दोन्ही कणांवर विरुद्ध विद्युतभार असतो. एका बाजूनं व्होल्टेज दिलं की पांढरे वर येतात, उलटं दिलं की काळे. पाठीमागे उभ्या-आडव्या तारांचं जाळं असतं. एकेक आडवी ओळ निवडली जाते आणि उभ्या तारांतून त्या ओळीतल्या प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा वाटा मिळतो. जकार्डवर चादर विणताना कुठले उभे धागे उचलायचे ते भोकं पाडलेलं पंचकार्ड ठरवतं आणि मग आडवा धागा जातो, अगदी तसंच. चादरीवरचं फूल माग बंद केल्यावर पुसलं जात नाही. ई-शाईचं पानही वीज तोडली तरी तसंच राहतं. वीज लागते ती पान बदलताना.

हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमधून निघालं आणि १९९७ साली ई इंक ही कंपनी उभी राहिली. तो पडदा वापरून पहिला ई-रीडर सोनीनं २००४ मध्ये जपानात आणला, त्याचं नाव लिब्रिए. ॲमेझॉनचं किंडल त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये आलं. ई इंक कंपनी २००९ मध्ये तैवानच्या प्राइम व्ह्यू इंटरनॅशनलनं विकत घेतली.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो. कुठल्याही अनोळखी कंपनीचा ई-रीडर हातात घ्या, त्याचा पडदा बहुतेक वेळा याच एका घरातून आलेला असतो. म्हणजे पडद्यासाठी नावाजलेली कंपनीच हवी असं काही नाही. फरक पडतो तो आतल्या सॉफ्टवेअरनं, आणि मराठी वाचकासाठी तर फार मोठा फरक पडतो. खाली त्याबद्दल सविस्तर येईलच.

पान उलटताना पडदा क्षणभर काळा होतो. बिघडलाय का?

नाही. आधीच्या पानाचे कण जागेवरून नीट हलावेत म्हणून पडदा मुद्दाम काळा-पांढरा केला जातो. तसं केलं नाही तर मागच्या पानाची पुसट सावली नव्या पानावर राहते.

तुम्ही सारखं २०१० च्या लास वेगसचं नाव घेता. त्या वर्षी असं काय घडलं?

किंडल विकत होतं, बार्न्स अँड नोबल या अमेरिकी पुस्तकविक्रेत्या कंपनीचं नूक नोव्हेंबर २००९ मध्ये बाजारात आलं होतं, आणि जगभरातल्या लहान कंपन्यांना वाटलं की आता आपलीही वेळ आली. जानेवारी २०१० च्या सीईएसमध्ये ई-रीडरची नुसती रीघ लागली. त्यातली काही यंत्रं आजच्या यंत्रांपेक्षाही धाडसी होती, म्हणून मला त्यांच्याबद्दल बोलायला आवडतं.

प्लास्टिक लॉजिकचा 'क्यू' घ्या. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेतून निघालेली ही कंपनी. पडद्याच्या पाठीमागची काच काढून तिथं प्लास्टिक घालायचं, ही त्यांची कल्पना. त्यासाठी त्यांनी जर्मनीत ड्रेस्डेनला कारखाना उभारला. यंत्र आकारानं छापायच्या कागदाएवढं आणि जाडीला वहीएवढं. गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसात फायली वाहणारी माणसं. किंमत मात्र ६४९ आणि ७९९ डॉलर.

स्किफ हे हर्स्ट या अमेरिकी वृत्तपत्र घराण्याचं अपत्य. पडदा साडेअकरा इंच, जाडी सात मिलिमीटरच्या आत, आणि पाठीमागं काचेऐवजी पोलादाचा पातळ पत्रा. वर्तमानपत्राचं पान वर्तमानपत्रासारखंच दिसावं ही त्यामागची तळमळ. मला आजही वाटतं, हे यंत्र बाजारात आलं असतं तर दैनिकं वाचायची सवय वेगळ्या वळणावर गेली असती.

ऑन्टूराज एज वहीसारखं उघडायचं. एका पानावर ९.७ इंची ई-शाई, दुसऱ्या पानावर १०.१ इंची रंगीत पडदा. ई-शाईच्या बाजूवर पेननं लिहिताही यायचं. विद्यार्थ्यांसाठी केलेलं, पण वजन जवळजवळ दीड किलो. स्प्रिंग डिझाइनच्या 'ॲलेक्स'मध्येही दोन पडदे होते, वर सहा इंची ई-शाई आणि खाली साडेतीन इंची अँड्रॉइड. नूकची ठेवणही तशीच होती. त्यावरून स्प्रिंग डिझाइननं बार्न्स अँड नोबलला कोर्टात खेचलंही होतं.

त्याच प्रदर्शनात ई-शाई सोडून दुसऱ्या वाटाही दिसत होत्या. मेरी लू जेप्सन यांच्या पिक्सेल क्यूआयचा पडदा घरात रंगीत एलसीडी आणि उन्हात कृष्णधवल व्हायचा. क्वालकॉमचा मिरासोल फुलपाखराच्या पंखासारखा, प्रकाशाच्या परावर्तनातून रंग दाखवायचा.

मग ही सगळी यंत्रं गेली कुठं? दुकानात तर एकही दिसत नाही.

दोन घाव बसले, तेही सहा महिन्यांच्या आत.

पहिला २७ जानेवारी २०१० ला. प्रदर्शनाचे तंबू उठून तीन आठवडेही झाले नव्हते तोच ॲपलनं आयपॅड जाहीर केला, ४९९ डॉलरला. ज्यांनी सहाशे-सातशे डॉलरची कृष्णधवल यंत्रं दाखवली होती त्यांची किंमत एका दिवसात अवघड झाली. दुसरा घाव २१ जून २०१० ला. बार्न्स अँड नोबलनं नूक २५९ वरून १९९ डॉलरवर आणलं आणि त्याच दिवशी ॲमेझॉननं किंडल १८९ ला केलं. मोठ्या कंपन्या पुस्तकं विकून पैसे मिळवणार होत्या, यंत्रावर कमी मिळालं तरी त्यांचं चाललं असतं. लहान कंपनीला यंत्रावरच पोट भरायचं होतं. यंत्रमागाच्या धंद्यात मोठ्या गिरणीनं भाव पाडला की दोन-चार माग चालवणाऱ्याचं काय होतं, हे इथं कुणाला वेगळं सांगायला नको.

त्याच जूनमध्ये नेदरलँड्सची आयरेक्स दिवाळखोरीत गेली. फिलिप्समधून निघालेली ही कंपनी २००६ पासून 'इलियाड' नावाचा पेननं लिहिता येणारा ई-रीडर विकत होती, म्हणजे किंडलच्याही आधी. त्याच महिन्यात स्किफचं सॉफ्टवेअर न्यूज कॉर्पनं विकत घेतलं आणि ते यंत्र वाचकांपर्यंत कधी पोचलंच नाही. ऑगस्टमध्ये प्लास्टिक लॉजिकनं 'क्यू' रद्द केला. इंग्लंडच्या इंटररीडचा रंगीबेरंगी 'कूलर' ई-रीडरही त्याच वर्षी संपला. ऑन्टूराजनं २०११ मध्ये एजचं उत्पादन थांबवलं.

या यंत्रांत खोट होती असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही आज एखादं अनोळखी यंत्र घ्यायला निघाला असाल तर २०१० चं ते वर्ष डोक्यात ठेवून निघा.

आपल्या भारतात कुणीच प्रयत्न केला नाही का?

केला तर! २०१० मध्येच अहमदाबादच्या इन्फिबीमनं 'पाय' नावाचा ई-रीडर ९,९९९ रुपयांना आणला, भारतीय भाषांचा विचार करून. पुढच्या वर्षी 'पाय २' आला. नोशन इंक या भारतीय तरुणांच्या कंपनीनं 'ॲडम' हा टॅब्लेट लास वेगसला दाखवला, त्यात वर सांगितलेला पिक्सेल क्यूआयचा पडदा होता. दोन्ही टिकले नाहीत. पण आपल्या लिपीचा विचार यंत्राच्या जन्मापासून करायचा, हे धाडस इन्फिबीमनं ज्या काळात केलं त्या काळात मोठ्या परदेशी कंपन्यांच्या यंत्रांवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसायचे. त्याचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

लहान कंपन्यांतल्या टिकल्या कुठल्या?

पॉकेटबुक: २००७ मध्ये युक्रेनच्या कीव्हमध्ये सुरू झाली, आता मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला. बरेच फाइल प्रकार सरळ उघडतात ही तिची जुनी ओळख.

ऑनिक्स: चीनमधल्या ग्वांगझौची, २००८ पासूनची. 'बूक्स' नावानं विकते. अँड्रॉइडवर चालते, त्यामुळं हवं ते वाचनाचं ॲप टाकता येतं.

कोबो: आज मोठी वाटते, पण २००९ मध्ये कॅनडातल्या टोरंटोला ती लहानच होती. पहिला ई-रीडर २०१० मध्ये १४९ डॉलरला विकला. २०११ च्या अखेरीस जपानच्या राकुतेननं ३१.५ कोटी डॉलरला तिची खरेदी ठरवली, म्हणून भावयुद्धातून तरली.

याशिवाय पेननं लिहिण्याच्या यंत्रांत नॉर्वेची रिमार्केबल आणि चीनची सुपरनोट आहे. ही वाचण्यापेक्षा लिहिण्यासाठी जास्त.

प्रदर्शनात किंवा दुकानात अनोळखी ई-रीडर समोर आला तर नेमकं काय तपासायचं?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांबेल.

स्टॉलवरचा माणूस तुम्हाला इंग्रजी पुस्तक दाखवेल. ते सुंदरच दिसणार. तुम्ही स्वतःची फाइल घेऊन जा. मी मेमरी कार्डावर एक छोटी ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची, फाइल कायम ठेवतो, त्यात फक्त एवढेच शब्द आहेत:

दर्या, दऱ्या, कुऱ्हाड, ऱ्हास, क्षितिज, ज्ञान, श्रद्धा, उद्ध्वस्त, हृदय, ॲप, ऑफिस, किल्ली, लाल शाल.

फाइल उघडा आणि एकेक शब्द बघा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. पहिल्यात रफार डोक्यावर हवा, दुसऱ्यात 'य'च्या डावीकडं ती आडवी छोटी रेघ हवी. दोन्ही सारखेच दिसले तर ज्यानं सॉफ्टवेअर केलं त्याला हिंदी दिसली आहे, मराठी दिसलेली नाही. 'किल्ली'तली पहिली वेलांटी 'क'च्या आधी आली पाहिजे. ती मागं गेली किंवा 'ज्ञान'मधले 'ज' आणि 'ञ' सुटे पडले तर यंत्रात अक्षरं आहेत, पण ती जोडायची विद्या नाही. 'ॲप'च्या पहिल्या अक्षराला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळं जुन्या फॉण्टमध्ये तिथं हमखास चौकोन येतो. 'लाल शाल'मध्ये आपला पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' येतो का ते बघा. नाही आला तरी वाचता येतं, डोळ्याला मात्र खटकत राहतं.

स्टॉलवाला म्हणेल, "फॉण्ट टाका, होऊन जाईल." हे अर्धंच खरं. फॉण्ट म्हणजे सूत. सूत कितीही चांगलं असलं तरी वीण मागच करणार. अक्षरं जोडण्याचं काम यंत्रातलं सॉफ्टवेअर करतं. तेच कच्चं असेल तर दहा फॉण्ट टाकूनही 'श्रद्धा' फुटकीच दिसेल. चौकोन दिसत असतील तर फॉण्टनं काम होण्याची आशा आहे. अक्षरं दिसतात पण तुटलेली, असं असेल तर ते यंत्र खाली ठेवा.

ही परीक्षा दोन्हीकडं घ्या: पुस्तकाच्या आत आणि पुस्तकांच्या यादीत. आत नीट आणि यादीत सगळे चौकोन, असं मी स्वतः पाहिलं आहे. शंभर पुस्तकं टाकल्यावर कुठलं कुठलं ते कळतच नाही.

मग एक मोठी फाइल उघडा आणि पन्नास पानं भराभर उलटा. मग शोध घेण्याच्या जागी मराठी शब्द लिहिता येतो का ते बघा. कीबोर्डच नसेल तर शब्द शोधणार कसा? शेवटी इंटरनेट बंद करून यंत्र परत सुरू करा. खातं उघडल्याशिवाय, नोंदणी केल्याशिवाय पुस्तक उघडत नसेल तर विचार करा. उद्या ती नोंदणी घेणारं कुणी उरलं नाही तर तुमच्या हातात काय राहील?

आमच्या घरी तेलुगू बोलतात, शेजारी कन्नड. एकाच यंत्रावर तिन्ही चालतील का?

शहराच्या पूर्वभागातून हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो सोलापूरकरालाच पडू शकतो. देवनागरी नीट दिसली म्हणजे बाकीच्या लिप्या दिसतीलच असं नाही. तेलुगू-कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली जातो, तिथं वेगळीच कसोटी लागते. चाचणीच्या फाइलमध्ये त्या भाषांच्याही दोन-दोन ओळी घाला. ॲमेझॉननं डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर भारतीय भाषांची पुस्तकं आणली तेव्हा हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम एवढ्याच होत्या. कन्नड-तेलुगू त्यात नव्हत्या. अशा घरांना मी अँड्रॉइडवर चालणारं यंत्र सुचवतो. अँड्रॉइडमध्ये या सगळ्या लिप्यांचे फॉण्ट आणि जोडणी आधीपासून असते.

माझ्याकडं मराठी पुस्तकांच्या भरपूर पीडीएफ आहेत. सहा इंची ई-रीडरवर अक्षर मुंगीएवढं दिसतं.

दिसणारच. पीडीएफ म्हणजे पानाचा साचा. ए-फोरचं पान सहा इंचांत कोंबलं की अक्षर तेवढ्याच पटीनं आक्रसतं. यंत्र आडवं धरून अर्धं अर्धं पान वाचता येतं. कोरीडर नावाचं मोफत सॉफ्टवेअर कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइड यंत्रांवर चालतं, ते पानाच्या कडेची पांढरी जागा कापतं आणि ओळी तोडून नव्यानं मांडूनही दाखवतं. पण वाचन मुख्यतः पीडीएफवरच असेल तर दहा इंचाखालचं यंत्र घेऊ नका.

त्या पीडीएफचं ईपब केलं तर सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं झालं. असं का?

कारण ती फाइल युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेली आहे. डीटीपीवाल्यांकडं श्रीलिपी, आकृती असे फॉण्ट वर्षानुवर्षं चालले. त्यांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असतं, फक्त त्याचं चित्र मराठी. चित्र काढून घेतलं की खालचं इंग्रजी उघडं पडतं. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग कॅलिबर नावाच्या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरनं ईपब करा. कॅलिबर मोफत आहे. कोविद गोयल या भारतीय प्रोग्रामरनं ते २००६ मध्ये सोनीच्या ई-रीडरसाठी सुरू केलं आणि आज जगभरचे वाचक त्याच्यावर विसंबून आहेत. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार आणि अनुस्वार हटकून चुकतात.

आपल्याकडचा उन्हाळा या पडद्याला सोसेल का?

वापरताना साधारण ० ते ५० अंश सेल्सियस ही ई-शाईच्या पडद्यांची नेहमीची मर्यादा. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४४ च्या आसपास जातो. सावलीत बसून वाचायला काही अडचण नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवलं तर मात्र यंत्र त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि पडद्याच्या आधी बॅटरी खराब होते. दुपारी यंत्र कपाटात, पुस्तकांच्या मध्ये ठेवा.

लाइट गेली तर? बॅटरी खरंच महिनाभर पुरते का?

रोज अर्धा-पाऊण तास वाचणाऱ्याला काही आठवडे पुरते. अंधारात वाचण्यासाठी पडद्यावर उजेड पाडणारा दिवा मोठा ठेवला, वायफाय चालू ठेवलं की कमी. अँड्रॉइडवालं यंत्र त्याहून लवकर उतरतं. महिनोन्महिने वापरणार नसाल तर अर्धं चार्ज करून ठेवा, रिकामं ठेवू नका.

पडदा फुटला तर सोलापुरात दुरुस्त होतो का?

मोबाइल दुरुस्तीवाले सहसा हात लावत नाहीत, कारण सुटा पडदा मिळत नाही. आत पातळ काच असते. बॅगेत डब्याचा कोपरा लागला तरी तडकते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही, पान मात्र अर्धं गोठून राहतं. माझ्याकडं आलेल्या बंद यंत्रांपैकी निम्म्याहून जास्त याच दुखण्याची होती. प्लास्टिक लॉजिक आणि स्किफ काच काढायच्या मागं का लागले होते, ते अशा वेळी पटतं. २०२४ मध्ये कोबोनं आयफिक्सिट या घरच्या घरी दुरुस्ती शिकवणाऱ्या कंपनीबरोबर दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग देण्याचं जाहीर केलं. लहान कंपन्यांनीही हीच वाट धरावी असं मला मनापासून वाटतं. तोवर कडक पुठ्ठ्याचं कव्हर घ्या, आणि ते पहिल्याच दिवशी घ्या.

परदेशातून मागवला तर चालेल का?

चालेल, पण सीमाशुल्क, कुरिअर आणि परत पाठवायची वेळ आली तर बॅटरीची वस्तू म्हणून होणारी अडवणूक, हे तिन्ही हिशेबात धरा. पुणे-मुंबईतही त्या कंपनीचं सेवा केंद्र नसण्याचीच शक्यता जास्त. घरचं कुणी तिकडून येणार असेल तर तीच वाट बरी.

कंपनी बंद पडली तर घेतलेल्या पुस्तकांचं काय?

याचं उत्तर मी पैसे घालवून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लहान कंपनीचं यंत्र घेतलं. पुस्तकं तिच्याच दुकानातून, तिच्याच कुलपात, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर न उघडणारी. वडील आजारी असताना रात्री दवाखान्यात बसून त्यावर चाळीसेक पुस्तकं वाचली. काहींवर समासात खुणा केल्या होत्या. पुढं ते दुकान बंद झालं. यंत्र एकदा बिघडून मूळ स्थितीत आणावं लागलं आणि नंतर पुस्तकं उतरवायला गेलो तर पलीकडं कुणीच नव्हतं. पुस्तकं परत विकत घेता आली असती. त्या खुणा गेल्या त्याचं दुःख वेगळं.

तेव्हापासून माझा नियम एकच: ज्या यंत्रात केबल लावून माझी फाइल माझ्या हातानं टाकता येते आणि काढता येते, तेच यंत्र. ईपब ही खुली मांडणी आहे, आत साधी वेबपानं एकत्र बांधलेली असतात, आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर कुठल्याही एका कंपनीवर अवलंबून नाही. प्रकाशक बिनकुलपाची फाइल देत असेल तर तीच घ्या, तिची एक प्रत घरच्या संगणकावर ठेवा, आणि खुणा महिन्यातून एकदा बाहेर काढून ठेवा. कूलरची कंपनी २०१० मध्ये संपली, पण माझ्या कपाटातला कूलर मी मागच्या महिन्यातही केबल लावून भरला आणि इंग्रजी पुस्तक वाचलं.

रंगीत ई-रीडर घ्यावा का?

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांसाठी, नकाशांसाठी हो. नुसत्या मजकुरासाठी नको. आजच्या कॅलिडो ३ या रंगीत ई-शाईच्या पडद्यावर काळं अक्षर इंचाला ३०० ठिपक्यांचं असतं, रंग मात्र १५० चा, आणि रंगाच्या गाळणीमुळं पांढरा भाग जरा राखाडी दिसतो. चीनच्या हॅनव्हॉननं २०१० च्या नोव्हेंबरमध्ये जपानमधल्या प्रदर्शनात रंगीत ई-शाईचं यंत्र दाखवलं होतं. तेव्हापासून आजवर रंग खूप सुधारला आहे, तरी छापील मासिकाच्या मुखपृष्ठाची अपेक्षा ठेवू नका.

आईचं वय ७२. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. तिला कुठला देऊ?

सात-आठ इंची, ३०० ठिपक्यांचा, बाजूला पान उलटायची खरीखुरी बटणं असलेला. बोटं कोरडी पडली की स्पर्शाच्या पडद्यावर स्पर्श उमटत नाही, बटण मात्र कळतं. अक्षर मोठं करून, ओळींत अंतर वाढवून, पाच पुस्तकं टाकून मगच हातात द्या. पहिल्या दिवशी सेटिंग शिकवत बसू नका. हिराचंद नेमचंद वाचनालयाचं त्यांचं सभासदत्व असेल तर तेही चालू ठेवा. बरीच जुनी मराठी पुस्तकं ई-बुक म्हणून अजून मिळत नाहीत.

घरात एक जुना बंद ई-रीडर पडलाय. टाकून देऊ का?

थांबा. वर्षानुवर्षं पडून राहिल्यामुळं बॅटरी पार उतरली असेल तर यंत्र लगेच सुरू होत नाही. मोबाइलच्या जलद चार्जरऐवजी संगणकाच्या यूएसबीला लावून रात्रभर ठेवा. जुन्या यंत्रांना मिनी यूएसबीची जाडसर पिन लागते. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याची केबल शोधा, बऱ्याचदा तीच चालते. बॅटरी फुगलेली दिसली, पाठ वर आलेली दिसली तर चार्जिंगला अजिबात लावू नका. बाकी काहीही असो, रविवारी सकाळी कट्ट्यावर घेऊन या. केबलांचा डबा आणि ती चौदा शब्दांची फाइल माझ्याजवळ असते.